मोठं दाखवणारा आरसा जाळतो कसा?

रविवारची सकाळ आहे, चहा झाला असेल, पोहे व्हायचे असतील. आज विज्ञानाची पाळी. तेव्हा स्वयंपाकघरातून एक चकचकीत स्टीलचा डाव घेऊन या. घरात दाढीचा किंवा मेकअपचा गोल आरसा असेल, ज्यात चेहरा मोठा दिसतो, तर तोही आणा. गाडी चालवत असाल तर मात्र नुसतं ऐका. डाव घरी गेल्यावर.

आधी एक गोष्ट सांगते. आमच्याच घरातली आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

फेब्रुवारी महिना होता. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लंडनला आल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जवळचं बारीक दिसत नाही, कुंकू लावताना हात चुकतो, म्हणून मी त्यांना स्टँडवरचा एक आरसा आणून दिला. एका बाजूने साधा, दुसऱ्या बाजूने मोठं दाखवणारा. त्यांच्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीला टेबल आहे, त्यावर तो ठेवला. टेबलापुढे लाकडी खुर्ची. त्याच खोलीच्या कोपऱ्यात आमचा छोटा देव्हारा.

एके दिवशी छान ऊन पडलं होतं. दुपारी मी घरी आले तर जिन्यातच जळका वास. खोलीत कुणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या आईंच्या गडद निळ्या सुती पातळाला चार बोटं लांबीची काळी रेघ पडली होती, मधे भोक होतं आणि कडा अजून धुमसत होती. पातळ न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरलं. मग सगळ्यांचे डोळे देव्हाऱ्याकडे गेले.

"आई, निरांजन शांत झालं होतं ना?" मी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण प्रश्न कसा होता ते मला माहीत आहे आणि त्यांनाही कळलं.

"हो गं. मी बघूनच खाली आले," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निरांजन लावणं बंद केलं. देवापुढे नुसते हात जोडायच्या. चार दिवस असे गेले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा ऊन पडलं. मुलगी आजीच्या खोलीत काहीतरी शोधायला गेली, तिने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि ओरडली. हाताच्या पाठीवर मसुराच्या दाण्याएवढा झगझगीत ठिपका होता. आरशातून आलेला. निरांजन निर्दोष सुटलं. मी आईंची माफी मागितली. त्यांनी ती मनावर घेतली नाही, पण एक प्रश्न विचारला: "मोठं दाखवायला आणलेला आरसा जाळतो कसा गं?"

मी घाईत म्हणाले, "आरसा ऊन गोळा करतो, आई." उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. मोठं दाखवणं आणि जाळणं ही एकाच आरशाची दोन कामं कशी, हे त्यातून कळत नाही. आजचा कार्यक्रम त्या उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी.

(संगीताचा छोटा तुकडा)

आधी भिंतीवरचा साधा, सपाट आरसा घेऊ. प्रकाशाचा किरण आरशावर ज्या कोनात येतो, त्याच कोनात परततो. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परतते ना, तसं. आरशाच्या सगळ्या विद्येत हा एकच नियम आहे.

तुमच्या कपाळावरच्या टिकलीपासून प्रकाशाचे किरण चहूकडे पसरत असतात. त्यातले काही आरशावर पडतात, परततात आणि डोळ्यात शिरतात. परततानाही ते पसरतच येतात. डोळ्यामागच्या मेंदूला किरण कुठे वळले हे ठाऊक नसतं. तो त्यांना सरळ मागे नेतो आणि ठरवतो की ते आरशाच्या पलीकडून एका ठिकाणाहून निघाले. तिथे त्याला टिकली दिसते. पण आरशामागे तर भिंत आहे. तिथे प्रकाशाचा एक कणही पोचलेला नाही. म्हणून शाळेत या प्रतिमेला आभासी प्रतिमा म्हणायचे. जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे काही तापणंही शक्य नाही.

आता मोठं दाखवणारा आरसा. त्यावर हलकेच बोट फिरवा. मधे किंचित खोलगट लागेल. असा आरसा म्हणजे एका मोठ्या, पोकळ गोलाचा कापलेला तुकडा, आतून चकचकीत. पुस्तकांत त्याला अंतर्वक्र आरसा म्हणतात, काही जण अंतर्गोलही म्हणतात. ज्या गोलाचा तो तुकडा आहे, त्याचं केंद्र म्हणजे आरशाचं वक्रता केंद्र.

हा आरसा म्हणजे असंख्य छोटे सपाट आरसे शेजारी शेजारी चिकटवलेत असं समजा. मधला अगदी सरळ बघतो, कडेचे जरा जरा आत कललेले. नियम तोच, येण्याचा आणि जाण्याचा कोन सारखा. पण कडेचे आरसे आत कलल्यामुळे तिथले किरण मधल्या बाजूला वळतात. समोरून समांतर आलेले सगळे किरण आरशापुढे एका जागी एकमेकांना भेटतात. त्या जागेला नाभी म्हणतात, आणि आरशापासून नाभीपर्यंतच्या अंतराला नाभीय अंतर. आरसा फार खोल नसेल तर नाभी वक्रता केंद्राच्या बरोबर अर्ध्या वाटेवर असते. आमच्या आरशाचं वक्रता केंद्र १०० सेंटिमीटरवर, नाभी ५० सेंटिमीटरवर.

इथपर्यंत शाळेत सगळ्यांचं झालेलं असतं. गोंधळ पुढे होतो. नाभी म्हटलं की आपल्याला वाटतं सगळं काही तिथेच घडतं. तसं नाही. नाभीत फक्त फार दुरून आलेले, म्हणजे जवळपास समांतर किरण भेटतात. जवळच्या वस्तूचे किरण दुसरीकडे भेटतात. कुठे भेटतात, हे वस्तू कुठे आहे त्यावर ठरतं.

आणि प्रतिमा म्हणजे तरी काय? समोर एक मेणबत्ती आहे. तिच्या ज्योतीच्या टोकापासून किरणांचा पंखा पसरतो. आरसा त्यातले हाताला लागतील तेवढे पकडतो आणि पुन्हा एका बिंदूत आणून सोडतो. ज्योतीच्या बुंध्यापासून निघालेले किरण शेजारच्या दुसऱ्या बिंदूत. मेणबत्तीच्या मधल्या भागाचे तिसऱ्या बिंदूत. वस्तूच्या प्रत्येक बिंदूसाठी समोर हवेत एक भेटीचा बिंदू तयार होतो. या सगळ्या भेटींचा मिळून जो आकार होतो, ती प्रतिमा. तिथे कागद धरलात तर कागदावर उमटते. कागद काढून घेतलात तरी ती तिथेच असते, फक्त अडवायला कुणी नसल्यामुळे किरण भेटून पुढे निघून जातात. ही झाली वास्तव प्रतिमा. तिथे प्रकाश खरोखर पोचलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आता एक सोपा हिशेब. अंतरं आरशापासून मोजण्याऐवजी नाभीपासून मोजा. वस्तूचं नाभीपासूनचं अंतर आणि प्रतिमेचं नाभीपासूनचं अंतर यांचा गुणाकार नेहमी एकच येतो, नाभीय अंतराचा वर्ग. आमच्या आरशासाठी ५० गुणिले ५०, म्हणजे २५००. एक अंतर वाढलं की दुसरं घटणार, गुणाकार कायम.

चला, आमच्या आरशापुढे पाऊल पाऊल चालू. तुमच्याकडे आरसा असेल तर तुम्हीही चाला, तुमचे आकडे वेगळे असतील पण क्रम हाच. फक्त आरशावर ऊन पडत नाही ना, हे आधी बघा.

आरशापासून दीड मीटरवर उभे राहा. म्हणजे नाभीपासून १०० सेंटिमीटर. २५०० भागिले १००, प्रतिमा नाभीच्या अलीकडे २५ सेंटिमीटरवर, म्हणजे आरशापासून पाऊण मीटरवर. तुमच्या आणि आरशाच्या बरोबर मधे, हवेत. चेहरा उलटा दिसतो आणि अर्ध्या आकाराचा. नीट बघितलंत तर तो आरशात नाही, आरशाच्या पुढे तरंगतो आहे असं जाणवतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा माझी मुलगी हात पुढे करून तो पकडायला गेली.

एक मीटरवर या. नाभीपासून ५०. प्रतिमाही ५०. म्हणजे ती उलटी, जेवढ्यास तेवढी, बरोबर तुमच्या चेहऱ्यावरच पडते. डोळ्याला चिकटलेली वस्तू दिसत नाही, तशी ही दिसत नाही. आरशात सगळा धुरळा.

७५ सेंटिमीटरवर या. नाभीपासून २५. प्रतिमा नाभीपासून १०० वर, आरशापासून दीड मीटर. म्हणजे तुमच्या पाठीमागे! दुप्पट मोठी, उलटी, पण तुमच्या मागे. किरण भेटायच्या आधीच तुमच्या डोळ्यात शिरतात, म्हणून अजूनही धुरळाच. "आरसा खराब आहे" असं लोक म्हणतात ते इथे. आरसा ठीक आहे, आपण चुकीच्या जागी उभे आहोत.

अगदी ५० सेंटिमीटरवर, नाभीतच आलात तर? किरण समांतर होऊन परततात, कुठेच भेटत नाहीत. हेच उलटं वापरतात टॉर्चमध्ये. दिवा नाभीत ठेवायचा, प्रकाशाचा झोत सरळ लांब जातो.

आता नाभी ओलांडा आणि २५ सेंटिमीटरपर्यंत चेहरा आत न्या. इथून निघालेले किरण इतके पसरलेले असतात की आरसा त्यांचं पसरणं कमी करतो, पण त्यांना एकत्र आणू शकत नाही. पसरतच परततात. मग मेंदू पुन्हा आपली जुनी युक्ती करतो, त्यांना मागे नेतो आणि आरशामागे अर्ध्या मीटरवर चेहरा बघतो. सुलटा, दुप्पट मोठा, आणि आभासी. सासूबाई कुंकू लावायच्या ते या जागी बसून.

आईंच्या प्रश्नाचा एक भाग इथे सुटला. आरसा स्वतः मोठं किंवा लहान काही दाखवत नाही. नाभीच्या आत बसलात तर मोठं आणि सुलटं, बाहेर गेलात तर उलटं. त्याचं काम एकच, किरणांना आतल्या बाजूला वळवणं. बाकी सगळं समोर कोण, किती अंतरावर आहे त्यावर.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता डाव हातात घ्या. आतल्या बाजूने बघितलं तर तुम्ही उलटे आणि छोटे. कितीही जवळ नेलात तरी चेहरा सुलटा होत नाही, कारण डाव खूप खोलगट आहे आणि त्याची नाभी त्याच्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असते. नाक मधे येतं. पण बोटाचं टोक डावाला जवळजवळ टेकवा. बोट सुलटं आणि जाडजूड दिसेल. हळूहळू मागे न्या, एका जागी सगळं विरघळेल, आणि मग बोट उलटं होईल. जिथे विरघळलं, तिथे नाभी. डावाची पाठ बघितलीत तर मात्र सगळं सुलटं आणि बारीक, कारण बाहेर फुगलेला आरसा किरणांना आणखी पसरवतो. गाडीच्या बाजूचे आरसे तशाच जातीचे.

मुलांना हा प्रयोग जेवताना करू द्या. आमटी थंड होईल, पण नाभी आयुष्यभर लक्षात राहील.

आता जळण्याकडे येऊ. आरशापुढे सर्वांत दूरची वस्तू कोणती ठेवता येईल? सूर्य. तो इतका लांब की नाभीपासूनचं त्याचं अंतर आपल्या हिशेबात मावत नाही. मग गुणाकाराच्या नियमाने त्याची प्रतिमा नाभीपासून शून्य अंतरावर, म्हणजे थेट नाभीत. माझ्या मुलीच्या हातावरचा तो मसुराएवढा ठिपका म्हणजे नुसतं गोळा केलेलं ऊन नव्हतं. ती सूर्याची प्रतिमा होती. गोल होती, कारण सूर्य गोल आहे.

मसुराएवढीच का? सूर्याचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या साधारण १०७ वा भाग आहे. प्रतिमेचंही प्रमाण तेच राहतं. ५० सेंटिमीटर भागिले १०७, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. आरसा १५ सेंटिमीटर व्यासाचा. व्यासात तीस पट फरक, म्हणजे क्षेत्रफळात ९०० पट. आरशावर पडलेलं जवळजवळ सगळं ऊन ९०० पट लहान जागेत येतं. खिडकीच्या काचेत थोडं हरवतं, बाजारातला आरसा तितका अचूक नसतो त्यात आणखी थोडं जातं. तरीही गडद सुती कापडाला पुरून उरतं. गडद कापड प्रकाश शोषून घेतं, पांढरं बराचसा परत फेकतं. आईंचं पातळ पांढरं असतं तर कदाचित वाचलं असतं.

आणि ठिपका न पडता रेघ का पडली? सूर्य आकाशात सरकतो. स्वतःच्या रुंदीइतकं अंतर जायला त्याला साधारण दोन मिनिटं लागतात. त्याची प्रतिमाही तेवढ्याच वेळात स्वतःच्या रुंदीइतकी सरकते. आमच्या आरशापुढे ती तासाला साधारण १३ सेंटिमीटर चालते. चार बोटांची रेघ म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास. निरांजनाची ठिणगी अशी रेघ ओढत नाही. मी त्या दिवशी रेघेकडे नीट बघितलं असतं तर चार दिवस गप्प बसायची वेळ आली नसती.

मग साताऱ्यात, मुंबईत असं का ऐकू येत नाही? तिथेही आरसे आहेत, ऊन तर कितीतरी कडक. फरक उन्हाच्या तिरकेपणात आहे. डिसेंबरात भर दुपारी लंडनला सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंशांवर असतो, साताऱ्याला ४९ अंशांवर. तिथलं ऊन खिडकीशी पडतं. इथलं हिवाळ्यातलं ऊन आडवं, खोलीच्या समोरच्या भिंतीपर्यंत पोचतं. ते आरशावर पडतं आणि परतताना किंचित खाली उतरून अर्ध्या मीटरवर, नेमकं खुर्चीच्या पाठीवर एकवटतं. बाहेर हुडहुडी भरत असली तरी त्याने काही फरक पडत नाही. हवेचं तापमान वेगळं आणि उन्हातून येणारा प्रकाश वेगळा. लंडनच्या अग्निशमन दलाने उन्हात ठेवलेल्या आरशांबद्दल आणि काचेच्या वस्तूंबद्दल लोकांना वेळोवेळी सावध केलं आहे, ते याचसाठी.

हे प्रकरण किती मोठं होऊ शकतं ते लंडनकरांनी २०१३ मध्ये बघितलं. फेनचर्च स्ट्रीटवरची ती वर फुगत गेलेली उंच इमारत, जिला सगळे वॉकी टॉकी म्हणतात, तेव्हा बांधून होत आली होती. तिची दक्षिणेकडची काचेची भिंत आत वळलेली आहे. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दिवसातले साधारण दोन तास सूर्य अशा जागी यायचा की त्या भिंतीवरून परतलेलं ऊन खालच्या ईस्टचीप रस्त्याच्या एका तुकड्यावर एकवटायचं. तिथे उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचा बाजूचा आरसा आणि पत्र्याचे काही भाग वितळून वाकले. एका वार्ताहराने फुटपाथवर तवा ठेवून अंडं तळून दाखवलं. तिथलं पार्किंग बंद करावं लागलं, मग तात्पुरता पडदा उभारला, आणि पुढच्या वर्षी भिंतीवर आडव्या पट्ट्यांची कायमची सावली बसवली. ती भिंत काही घासून घडवलेला आरसा नव्हता, म्हणून सूर्याची सुबक प्रतिमा पडली नाही, प्रकाशाचा एक धगधगता पट्टा पडला. पण कारण तेच. इमारतीचे वास्तुविशारद राफाएल विन्योली यांच्याच लास वेगासमधल्या एका हॉटेलच्या वळलेल्या भिंतीने तिथल्या पोहण्याच्या तलावाजवळच्या लोकांना आधीच चटके दिले होते.

तुमच्या घरची भिंत वळलेली नसेल. आरसा मात्र असेल. तेव्हा हे करा.

ढगाळ दिवस निवडा. या देशात तो शोधावा लागत नाही. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत उभे राहा, आरसा खिडकीकडे करा आणि त्याच्यापुढे, जरा बाजूला, पांढरा कागद धरा. कागद मागेपुढे करत जा. एका अंतरावर समोरच्या रांगेतली घरं कागदावर स्पष्ट उमटतील, रंगांसकट, उलटी, धुराडी खाली आणि आभाळ तळाला. ते कागदापासून आरशापर्यंतचं अंतर मोजून ठेवा. समोरची घरं लांब असल्यामुळे ते जवळपास नाभीय अंतरच आहे. तुमच्या आरशाची धोक्याची जागा तीच. हे उन्हात करू नका, आणि उन्हाकडे तोंड केलेल्या आरशात कधीही बघू नका. डोळ्याला इजा व्हायला क्षण पुरतो.

आता तो आरसा जिथे असतो तिथून तेवढ्या अंतरावर काय आहे ते बघा. पडदा? खुर्चीवरचे कपडे? कागदांचा गठ्ठा? जास्त मोठं दाखवणाऱ्या आरशाची नाभी जवळ असते आणि ठिपका आणखी प्रखर. तेव्हा आरसा खोलगट बाजूने ऊन येणाऱ्या खिडकीकडे तोंड करून ठेवू नका. काम झालं की उपडा ठेवा, कापड टाका, किंवा कपाटात ठेवा. दुहेरी आरसा असेल तर साधी बाजू वापरताना खोलगट बाजू कुठे बघते आहे तेही बघा. एवढं पुरेसं आहे. आरसा फेकून द्यायची गरज नाही.

(संगीताचा छोटा तुकडा)

फेकायचा तर नाहीच, कारण या आरशाने माणसाला फार मोठं दिलं आहे. बाथ शहरात न्यू किंग स्ट्रीटवर एक घर आहे, आता ते संग्रहालय आहे. तिथे विल्यम हर्शल नावाचे संगीतकार राहायचे. दिवसा गाणं-वादन शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तांबं आणि कथिल ओतून आरसे घडवायचे, तासन् तास घासायचे. घासताना हात सोडता यायचा नाही म्हणून बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवायची. १३ मार्च १७८१ ला त्या घराच्या बागेतून हर्शलना युरेनस ग्रह दिसला. ज्या दुर्बिणीतून दिसला, तिचा आरसा साधारण सहा इंच व्यासाचा होता. म्हणजे आमच्या आईंच्या आरशाएवढाच! नाभीय अंतर मात्र सात फूट, आणि घडण कितीतरी अचूक. काम तेच, दूरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा नाभीत आणायची, मग ती भिंगातून मोठी करून बघायची. आमच्या खोलीत जी प्रतिमा कापडावर पडली, तशीच हर्शलच्या दुर्बिणीत एका नव्या ग्रहाची पडली.

अचूक घडणीचा एक मुद्दा राहिला. गोलाच्या तुकड्यात एक खोट असते. कडेचे किरण नाभीच्या जरा अलीकडेच भेटतात. चहाच्या कपावर तिरकं ऊन पडलं की चहावर एक टोकदार, चमकणारी कमान दिसते ना, ती याच खोटेची खूण. एका जागी न भेटलेल्या किरणांची ती रांग. ही खोट घालवायला आरसा गोलाचा न ठेवता अन्वस्ताच्या आकाराचा करतात. तुमच्या भिंतीवरची डिश त्याच घराण्यातली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला तर अशा ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या एकवटतात. मराठी ऐकायला तुम्ही रेडिओ लावता, आणि खोडदचे खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगा ऐकायला लावतात, एवढाच फरक.

आता आईंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. आरशाने दोन वेगळी कामं केलीच नाहीत. त्याने दोन्ही वेळा किरण आत वळवले. आई नाभीच्या आत बसल्या होत्या, म्हणून त्यांचे किरण भेटले नाहीत, आणि चेहरा आरशामागे मोठा दिसला. तिथे प्रकाश नव्हता, म्हणून धोकाही नव्हता. सूर्य नाभीच्या फार फार बाहेर होता, त्याचे किरण आरशापुढे खरोखर भेटले, आणि जिथे भेटले तिथे त्यांचं पातळ होतं.

हे सगळं मी त्यांना कागदावर रेघा काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पुढे कोण येतं त्यावर आहे सगळं." मग आरसा उचलून खिडकीच्या बाजूच्या भिंतीला ठेवला, जिथे ऊन येत नाही. त्या संध्याकाळी निरांजन पुन्हा लागलं.

श्रोतेहो, जाताना एक कोडं. आमच्याच आरशापासून ६० सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवली, तर तिची प्रतिमा आरशापासून किती अंतरावर पडेल आणि किती पट मोठी असेल? गुणाकार २५०० आहे हे विसरू नका. मुलांना करू द्या, आणि उत्तर मराठीतून सांगायला लावा. पुढच्या रविवारी भेटू. तोवर आमटी गरम खा, आणि आरसा सावलीत ठेवा. नमस्कार.